दिव्याकडची बाजू

काळा, एका बाजूनं

सकाळी सरडा काळा असायचा, पण अर्धाच.

जाळीच्या पिंजऱ्यातल्या वरच्या फांदीवर, दिव्याखाली वीतभर अंतर राखून तो आडवा व्हायचा. अंग चपटं करायचा, इतकं की समोरून पाहिलं तर पानाची नुसती कड दिसावी. मग दिव्याकडची बाजू काळी करायचा. पलीकडची हिरवीच. रंगाऱ्यानं अर्धं काम करून पोबारा करावा तसा. अंगात ऊब भरली की काळेपणा हळूहळू विरायचा, सरडा पोपटी व्हायचा, आणि चिमट्यासारख्या पायांनी एकेक पाऊल तोलत, पुढं टाकावं की मागं घ्यावं असा डुलत डुलत पानांत शिरायचा. तिथं त्याचे दोन डोळे दोन दिशांना कामाला लागायचे.

पार्लर उघडण्याआधीचा हा वेळ धाकटीचा होता. टॉवेलांच्या घड्या करायच्या, वॅक्सचं भांडं तापत ठेवायचं, कोपऱ्यात अडकलेले कालचे केस काढायचे, आणि मध्येच स्टूल ओढून सरड्याचं हे अर्धं काळं होणं बघत बसायचं. एवढंसं पिल्लू, शेपूट गुंडाळलं तर तळहातात मावणारं. ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्या मनानं काळं व्हायचं, आपल्या मनानं उजळायचं. धाकटीला त्याचा हेवा वाटायचा असं कुणी म्हटलं असतं तर ती हसली असती. पण वाटायचा.

त्या दिवशी ताई नेहमीपेक्षा लवकर जिना उतरून खाली आली.

"अगंबाई! हा करपला की!"

आणि खट्. दिवा बंद.

"ताई, करपला नाही तो. शेकतोय. काळा रंग ऊब लवकर ओढतो, म्हणून मुद्दाम काळा होतो. जरा वेळानं बघ..."

"मुद्दाम? मुद्दाम कोण काळं होतं गं?" ताईनं चष्मा पुसून पुन्हा लावला. "लोकांच्या तोंडावरचं ऊन उतरवण्यात जन्म गेला माझा. मला टॅन शिकवतेस? सरळ सरळ टॅन आहे हा. बघ की, दिव्याच्याच बाजूला आलाय."

हे खरं होतं. दिव्याच्याच बाजूला आला होता. ताईचं सगळं असंच असायचं. बघितलेलं बरोबर, त्यातून काढलेलं चूक.

"विज्ञानाच्या बाईंनी सांगितलंय..."

"विज्ञानाच्या बाईंचं स्वतःचं कपाळ बघितलंस? उन्हात विसरलेल्या पुठ्ठ्यासारखं. म्हणे बाईंनी सांगितलंय." मग पिंजऱ्याकडे वाकून, आवाजात साखर घोळून, "पाचू... माझ्या पाचूला हिनं भाजायला ठेवलं होतं? हिला वाटतं, जगात सगळ्यांनी आपल्यासारखंच व्हावं. हो ना रे?"

सरडा अर्धा काळा, अर्धा हिरवा, गार होत चाललेल्या दिव्याखाली तसाच चपटा बसून राहिला. त्याला वाटलं असेल, ढग आला.

पोपटी

सरडा होता धाकटीचा. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं कुणीच ते सांगणार नाही.

पार्लर दोघी बहिणींचं. म्हणजे पुढचा भाग ताईचा आणि मागचा धाकटीचा. पुढं भिंतभर आरसे, फेशियलचा पलंग, ब्लीचच्या वाट्या, गप्पा. मागं केस धुवायचं बेसिन, वॅक्स, तुंबणारी मोरी. आई गेली तेव्हा ताई वीस-बावीसची आणि धाकटी दुधाचे दात पडायच्या वयाची. ताईनं तिला वाढवलं. हे ताई कधी विसरली नाही आणि कुणाला विसरूही दिलं नाही. वाढवलं म्हणजे खाऊपिऊ घातलं, शाळेत घातलं, आणि रोज संध्याकाळी आरशासमोर उभं करून लिंबाच्या फोडीनं मान, कोपर, गुडघे घासले. ताई गोरी होती, वडिलांवर गेलेली. धाकटी आईवर गेली. "उन्हात जाऊ नकोस," एवढ्या एका वाक्यात धाकटीचं बालपण सांगून संपतं. गच्ची होती, गच्चीवर पोरं होती, ऊन होतं. धाकटी जिन्याखाली होती. कोपरं सोलून निघाली, रंग जागचा हलला नाही.

"तुझ्यापायी माझं लग्न राहिलं," ताई म्हणायची, "आणि तुझ्या रंगापायी तुझं. चला, फिटंफाट." असं म्हणून मनापासून हसायची. ती दुष्ट नव्हती. चप्पल चावते, पण चपलेच्या मनात काही नसतं, तशी.

सरडा आला तो बेसिनवाटे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई महिन्यातून एकदा केस धुवून घ्यायला यायच्या. त्यांच्याकडे रंग बदलणाऱ्या सरड्यांची जोडी होती, मादीनं अंडी घातली होती, त्यांतून पिल्लं निघाली होती, आणि बदली होऊन बाई गाव सोडून चालल्या होत्या. बेसिनमध्ये मान मागं टाकून, कपाळावर फेस, डोळे मिटलेले, अशा अवस्थेत त्यांनी धाकटीला सगळं सांगितलं. धाकटीला त्यांचा चेहरा उलटा दिसत होता, हनुवटी वर, तोंड खाली. उलटं तोंड बोलत होतं:

"सकाळी दिवा दे. तो एक बाजू काळी करून शेकेल, त्याला हात लावू नकोस. शेकल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही त्यांना, पोटात कुजतं. दोन्ही बाजूंनी काळा पडला, फुगला, अंगावर पट्टे उठले, तर समज घाबरलाय नाही तर चिडलाय. भर दिवसा डोळे मिटून बसला तर फारच बिनसलंय. आणि फिका पडून तोंड वासलं तर तो भाजतोय. तेव्हा विचार करत बसायचं नाही, आधी ऊब काढायची. आणि त्याला सोबत लागत नाही बरं का. एकटा असला की तो खूश."

"एकटा?"

"एकटा. दुसरा सरडा नुसता दिसला तरी जीव टांगणीला लागतो त्याचा."

धाकटीनं बाईंचे केस दोनदा जास्त धुतले, ऐकायचं संपू नये म्हणून.

पिंजरा, दिवा आणि पिल्लू बाई स्वतः आणून ठेवून गेल्या. ताईनं आधी किंचाळून खुर्चीवर उडी मारली. "सरडा? आमच्या धंद्यात? बायका जिवाला मुकतील!" मग दुसऱ्याच दिवशी तिच्यासमोर पिल्लानं जीभ सोडली. स्वतःपेक्षा लांब जीभ, पलीकडच्या पानावरचा किडा, गट्टम. ताई बघतच राहिली. मग हसली. धाकटीनं तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, लहान मुलीसारखं, तोंडावर हात ठेवून. "पुन्हा कर रे," ताई त्याला म्हणाली. "पुन्हा कर ना."

त्याला नाव तिनंच दिलं. धाकटीनं ठेवलंच नव्हतं. तिला वाटलं, ह्याला तरी कुणी हाक मारू नये.

पिवळे पट्टे, काळे ठिपके

दिवा बंद केल्यावर पाचू सुस्तावला. दुपारपर्यंत काळपट, कोपऱ्यात. ताईनं निदान केलं: कोमेजलाय. कंटाळलाय. एकटा पडलाय. औषधही तिचं तिनंच शोधलं. त्याला बोटावर घेऊन ती पुढं आली आणि मोठ्या आरशासमोरच्या फळीवर, कंगव्यांच्या बरणीशेजारी सोडलं.

आरशात दुसरा सरडा होता.

पिल्लू आधी थिजलं. मग फुगलं. गळ्याची पिशवी खाली आली, पाठ कमानीसारखी वर गेली, आणि हिरव्यातून पिवळे पट्टे उठले, पट्ट्यांमध्ये काळे ठिपके, ठिपक्यांभोवती निळसर कड. फळीवरचं एवढंसं जनावर एकदम झगमगायला लागलं. ते पुढं मागं डुलायचं, आरशातलंही डुलायचं. ते तोंड उघडायचं, आरशातलंही उघडायचं. जराही मागं न हटणारा असा शत्रू त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

"अय्या, किती गोड!" पलंगावरच्या बाई फेसपॅकसकट उठून बसल्या.

"बघा, बघा, कसा खुलला!" ताई टाळ्या पिटत होती. "स्वतःचं रूप बघून खूश झाला. रूप असलं की असंच असतं हो."

खुर्च्यांवरच्या बायकांनी फोन काढले. कुणी म्हणालं नाचतोय, कुणी म्हणालं लाजतोय.

धाकटी मागून आली. हातात वॅक्सची पट्टी तशीच.

"ताई, त्याला उचल. तो भांडतोय. त्याला वाटतंय समोर दुसरा आहे. घाबरला की असे पट्टे येतात."

"घाबरला की माणसाचा रंग उडतो बाई," फेसपॅकवाल्या बाई म्हणाल्या, "हा तर उजळलाय."

"तुम्ही हिचं मनावर घेऊ नका," ताई म्हणाली. तिनं धाकटीचा दंड धरला आणि तिला आरशासमोर, फळीसमोर, सगळ्यांसमोर उभं केलं. "हिला वाटतं आरशात बघून सगळ्यांना भीतीच वाटते. स्वतःवरून जग ओळखायचं, दुसरं काय!"

पार्लर हसलं. फेसपॅक लावलेल्या बायकांना हसायला मनाई असते, भेगा पडतात. त्यासुद्धा हसल्या.

धाकटीनं आरशात पाहिलं. खाली, तिच्या कमरेपाशी, दोन सरडे एकमेकांवर तोंड वासून उभे होते.

ती मागं गेली. वॅक्सची पट्टी हातातच वाळली होती. त्या पट्टीकडे बघत तिनं कानाला खडा लावला: आता सांगायचं नाही. आपण होऊन तर नाहीच. ताईनं विचारलं, तर. आजवर ताईनं तिला एक गोष्ट विचारली नव्हती. पडदा कुठला लावू, बेसिन कुठं बसवू, तुला शाळा सोडायची आहे का, काहीही. एकदा विचारू दे. तोंड उघडून म्हणू दे की धाकटे, मला कळत नाही, तू सांग. मग सांगेन. सगळं सांगेन.

आणि तोवर सरडा?

तोवर सरडा आहेच की, असं ती स्वतःला म्हणाली, आणि वॅक्सच्या भांड्यात पळी फिरवत राहिली.

(पिंजऱ्यावर टॉवेल आहे, रंग दिसत नाही)

"ताई, हा टॉवेल कशाला?"

"खिडकीतून ऊन येतं त्याच्यावर."

"आणि दिवा कुठाय?"

"दिला भंगारवाल्याला. सकाळी मी खाली यायच्या आत कोण लावतं तो? हात लावला तर गरम लागला. मला काय खुळी समजतेस?"

"..."

"तोंडाला कुलूप लागलं वाटतं. चोरून माझ्या लेकराला भाजतेस?"

"लेकरू."

"हो, लेकरूच. तुला नाही कळायचं ते. आणि कोंबडीच्या खुराड्यासारखा तो पिंजरा पण आता बदलायचा. काचेची पेटी सांगितलीय मी. चारी बाजूंनी स्वतःला बघेल."

"हं."

"काय हं? बोल की काय बोलायचंय ते."

"तू विचारतेयस?"

"सांगतेय."

"मग झालं."

काळा, दोन्ही बाजूंनी

काचेच्या पेटीत पाचूचा संसार थाटला. ताईनं हौसेनं रंगीत खडे घातले, प्लॅस्टिकची वेल लावली. जिकडं वळावं तिकडं काचेत तो होता, पुसट, पण होता. पहिले काही दिवस तो चारी भिंतींशी भांडला. ताई गिऱ्हाइकांना म्हणायची, "बघा, कसा खेळतो." मग त्याचं भांडण आटलं. तो दोन्ही बाजूंनी काळा झाला, मळलेल्या फडक्यासारखा, आणि तसाच राहिला. फांदीवर चढणं सोडलं. खाली खड्यांवर पोट टेकून बसायचा, शेपटीची गुंडाळी सैल.

ताईनं हार मानली नाही. ती रोज सकाळी त्याच्यावर गुलाबपाण्याचा फवारा मारायची. काकडीचा रस कापसावर घेऊन पाठीवरून, डोक्यावरच्या पंख्यासारख्या इवल्या तुऱ्यावरून हलक्या हातानं फिरवायची. इतका हलका हात धाकटीनं स्वतःच्या कोपरांवर कधी अनुभवला नव्हता. गालांच्या खाली बोट धरून ती त्याचं तोंड उघडायची आणि चिमट्यानं किडे भरवायची. सरडा गिळायचा. गिळलेलं गार पोटात पडून राहायचं. पोट टम्म.

"बाळसं धरलंय," ताई म्हणाली.

धाकटी केस धूत होती. तिच्या हाताखाली कुणाचं तरी उलटं तोंड बोलत होतं, भाचीच्या लग्नाचं काही. ती हं हं करत होती. तिला माहीत होतं काय चाललंय. जे चाललंय ते तिला ताईपेक्षा, गिऱ्हाइकांपेक्षा, खुद्द सरड्यापेक्षाही जास्त माहीत होतं. विज्ञानाच्या बाईंचा नंबर फोनमध्ये होता. बसच्या थांब्यापलीकडे जनावरांचा दवाखाना होता, जाता येता त्याची पाटी दिसायची. भंगारवाला रोज दारावरून जायचा. यांतलं काहीही करायला दुपारच्या सुट्टीएवढाही वेळ लागला नसता.

तिनं यांतलं काहीही केलं नाही. ती पैज लावून बसली होती, आणि पैजेत लावलेला जीव तिचा नव्हता.

रोज सकाळी ती पेटीपाशी जायची, आता फक्त बघायला. त्याचा एक डोळा तिच्याकडे वळायचा, बारीक शंकूच्या टोकावरची ती काळी टिकली. दुसरा ताईच्या जिन्याकडे असायचा.

"थोडं थांब," ती त्याला म्हणायची. "विचारेल ती."

मग एके दिवशी डोळे वळलेच नाहीत. भर सकाळी, सगळे आरसे लखलखत असताना, ते दोन्ही शंकू आत ओढलेले होते आणि पापण्या मिटलेल्या.

हिरवा

दुपारी ताईनं शटर अर्धं खाली ओढलं. ती जमिनीवर बसली. ताईला जमिनीवर बसलेलं धाकटीनं कधी पाहिलं नव्हतं, तिचे गुडघे दुखायचे. पेटीचं झाकण उघडं होतं. पाचू तिच्या ओंजळीत होता.

"धाकटे."

"काय?"

"हा डोळे उघडत नाहीये."

धाकटी हात पुसत दाराशी उभी राहिली.

"मी सगळं केलं गं. लोकांच्या पोरीबाळींना मी उजळवलं, नवऱ्यामुलींना उजळवलं, आणि ह्याला..." ताईचा आवाज फाटला. चष्मा नाकावर घसरला, तो सावरायला हात मोकळा नव्हता. "मला कळत नाही. मला खरंच कळत नाही. तुला त्या बाईंनी सांगितलंय ना? तू सांग. काय चुकतंय माझं? काय करू मी?"

आलं. जे हवं होतं ते सगळं, शब्दाला शब्द लागून, आलं. धाकटीनं ह्या प्रश्नाची उत्तरं इतक्या वेळा मनात म्हटली होती की आता त्यांतलं कुठलं आधी सांगावं तेच तिला सुचेना. खाली वाकलेला तो गोरा चेहरा, ओठ थरथरतायत, आणि तिच्या मनात आलं: लिंबाच्या फोडीसाठी हे ओठ एकदाही थरथरले नाहीत. एका सरड्यासाठी थरथरतायत.

"ऊब कमी पडतेय त्याला," ती म्हणाली. हे खरं होतं.

"मग दिवा... दिवा तर मी..." ताईनं इकडंतिकडं पाहिलं. तिची नजर कोपऱ्यातल्या ड्रायरवर गेली. खुर्चीवर बसलेल्या बाईच्या डोक्यावर टोपासारखा उतरवतात तो, दांड्यावरचा, मोठा. "हा चालेल?"

गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. पेटीच्या कडेला, हातभर लांब. हळूहळू. आणि तोवर जनावरांच्या डॉक्टरांना फोन. हे उत्तर तिच्या जिभेवर होतं.

"चालेल," धाकटी म्हणाली.

ताईनं खुर्चीच्या हातावर टॉवेल ठेवला, टॉवेलावर पाचू, आणि टोप खाली ओढला. धाकटीनं खटका दाबला. गरम वाऱ्याची घुमघुम सुरू झाली.

आणि सरडा खरंच हलला. आधी शेपूट. मग एक पाय, हवेत काहीतरी पकडायला पुढं. दोन्ही बाजूंचा तो मळका काळेपणा कडेकडेनं विरू लागला आणि खालून हिरवा आला, पहिल्या दिवसासारखा, पोपटी. डोळे उघडले. एक ताईकडं वळला, एक धाकटीकडं.

"आला!" ताई ओरडली. "धाकटे, आला गं माघारी!"

(इथं ड्रायर बंद केला असता तर ही एका सरड्याला वाचवल्याची गोष्ट झाली असती. खटका धाकटीच्या अंगठ्याखाली होता. तिला तो जाणवत होता, गुळगुळीत, थोडा तापलेला.)

फिका

हिरवा पुढं पिकत गेला. पोपटी, मग पिवळट, मग राखाडी, मग कुठलाच नाही. वाळूच्या रंगाचा, कागदाच्या रंगाचा. पाचूनं तोंड उघडलं. आतला गुलाबी घसा दिसला.

"अगं हसतोय! हसतोय हा!" ताई रडत होती आणि हसत होती. "आणि बघ कसा गोरा झाला, बघ. इतका कधीच नव्हता. टॅन उतरला सगळा!" तिनं ओल्या हातांनी धाकटीला मिठी मारली, गळ्याला घट्ट, तिला गुलाबपाण्याचा वास येत होता. "शहाणी गं माझी बाय ती. तुला कळतं. मला नाही कळलं, तुला कळलं."

धाकटीला ताईच्या खांद्यावरून आरसा दिसत होता. आरशात टोप होता, टोपाखाली वासलेलं ते तोंड, आणि ताईची पाठ. फिका पडून तोंड वासलं तर विचार करत बसायचं नाही. तिनं विचार केला नाही. तिला इतकंच कळत होतं की हा चेहरा, आत्ता तिच्या मानेशी रडून आनंदानं ओला झालेला, थोड्या वेळानं पडेल. तो पडताना तिला बघायचा होता. जन्मात एकदा.

"बंद करू आता?" ताईनं विचारलं. मिठीतूनच, लहान मुलीसारखं. एका दुपारीत किती विचारत होती ती!

"अजून थोडं," धाकटी म्हणाली.

त्यानंतरचा रंग

ताई रडली, पण धाकटीला हवं तसं नाही. सरडा हाताला कडक लागला तेव्हा ती एकदाच मोठ्यानं ओरडली, आणि मग त्याला तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसली. तो तसाच फिका राहिला होता. तिनं बोटानं त्याचा तुरा नीट केला.

"शांत गेला," ती म्हणाली. "बघ, तोंडावर किती समाधान आहे."

धाकटी वाट बघत राहिली. आज कळेल, उद्या कळेल. कधीतरी ताई हात धुताना थांबेल आणि तिच्याकडे वळून बघेल. आठवडा गेला. काचेची पेटी पुसून तिच्यात नेलपॉलिशच्या बाटल्या मांडल्या गेल्या. ताईचे डोळे भरून यायचे, पण चांगले भरून यायचे. कढत दुःखावर साय धरावी तशी तिची गोष्ट दाट होत चालली होती, आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाबरोबर तिच्यावर आणखी एक थर चढत होता.

"शेवटी शेवटी माझ्याच मनात आलं," ब्रश वाटीत फिरवत ताई फेसपॅकवाल्या बाईंना सांगत होती, "म्हटलं, ह्याला ऊब कमी पडतेय. आतूनच आलं हो. आईला कसं कळतं तसं. ऊब दिली आणि काय सांगू, असा उजळला, असा उजळला! गोरापान होऊन गेला माझा पाचू. हसत गेला."

"भाग्य असतं एकेकाचं," बाई म्हणाल्या.

मागच्या दारात धाकटी उभी होती. हातांतून पाणी गळत होतं. तिला वाटलं होतं निदान तेवढं तरी आपलं राहील.

"मी सांगितलं होतं ते," ती म्हणाली.

"काय?"

"ऊब. मी सांगितलं. आणि ड्रायर चालेल हेही मी म्हटलं. तो हसत नव्हता, ताई. भाजत होता. रंग उडाला म्हणजे भाजतोय, मला माहीत होतं. तू म्हणालीस बंद करू, मी म्हटलं अजून थोडं. मी मारलं त्याला. माझाच होता आणि मीच मारला."

एका खुर्चीतल्या बाईनं मान वळवली, दुसरीनं फोन खाली ठेवला. धाकटीनं ताईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आता पडेल.

ताईनं ब्रश वाटीच्या काठावर निथळला.

"ऐकलंत?" ती बाईंना म्हणाली. आवाजात राग नव्हता, कीव होती. "तो गेला तर एक टिपूस काढलं नाही हिनं. आणि आता जाताना उजळला, तेवढ्याचंही श्रेय हिला पाहिजे."

"जाऊ द्या हो," बाई म्हणाल्या. "मनाला लागलं असेल तिच्या."

"मी खरं सांगतेय," धाकटी म्हणाली. "तू मला विचारलंस, ताई. जमिनीवर बसून. तू म्हणालीस, मला कळत नाही, तू सांग."

"मी?" ताई हसली. मनापासून, हात तोंडाशी नेऊन. मग बाईंच्या कपाळावर ब्रशचा पहिला गार पट्टा ओढत, मागं न बघता म्हणाली, "तुला विचारायला कोण गेलं होतं? जा, वॅक्स तापलं का बघ."